धूपगड : आपल्याच सातपुड्याचे सर्वोच्च शिखर

रावेरला आमच्या घराच्या गच्चीवरून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. या पर्वताचे सर्वांत उंच शिखर मात्र आपल्या खानदेशात नाही, ते पचमढीजवळ आहे. डिसेंबरमध्ये आईला घेऊन आम्ही चौघे ते पाहून आलो. धूपगडाची उंची सुमारे 1,350 मीटर असून मध्य प्रदेशातील हे सर्वोच्च शिखर 1981 साली स्थापन झालेल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानात येते.

खानदेशातून रेल्वेच सोयीची. भुसावळहून खंडवा, इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणारी रात्रीची गाडी धरली आणि सकाळी पिपरियाला उतरलो. तेथून पचमढी घाटरस्त्याने पन्नासेक किलोमीटर आहे. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असल्यामुळे वाटेत खाण्यासाठी कोठे थांबावे लागले नाही.

आमची चूक झाली ती पहिल्या दिवशी. जेवण करून, विश्रांती घेऊन निघू, असे मी ठरवले आणि उद्यानाच्या परवान्याच्या खिडकीवर पोहोचलो तेव्हा रांग इतकी लांब होती की सूर्यास्त हुकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच परवाना आणि जिप्सी दोन्ही ठरवून टाकले. मागून येणाऱ्यांनीही तसेच करावे आणि गाडीचे भाडे ठरवताना त्यात कोणकोणती ठिकाणे धरली आहेत, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

शिखराच्या नावाची गंमत वर गेल्यावर झाली. नंदुरबारकडचा अस्तंबा म्हटला की अश्वत्थामा आठवतो, तसे धूपगडावरही एखादे देवस्थान असेल, अशी आईची समजूत होती. तिने पिशवीतून धूप आणि काडेपेटी काढली. चालक हसून म्हणाला, "माँजी, धूप यानी सूरज की धूप." मराठीतला धूप देवापुढचा आणि हिंदीतली धूप म्हणजे ऊन! उगवतीपासून मावळतीपर्यंत या माथ्यावर ऊन असते म्हणून हे नाव, असे त्याने सांगितले. नावात गड असला तरी तटबंदी किंवा बुरूज आम्हाला कोठे दिसला नाही. काडेपेटी मी लगेच आत ठेवायला लावली, कारण वाळलेल्या गवताच्या जंगलात ती पिशवीबाहेर निघूच नये.

खडक पाहण्यासाठी थोडा वेळ अवश्य राखावा. आपल्याकडचा सातपुडा लाव्हापासून बनलेल्या काळ्या कातळाचा आहे, तर पचमढीचा तांबूस-पिवळ्या वालुकाश्माचा. त्यावर तळहात घासला तर बोटांना वाळूचे कण चिकटतात. झाडीही वेगळी, कारण आपल्या सागाच्या जोडीला तेथे सालाची दाट वने आहेत.

सूर्य क्षितिजाला टेकेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आम्ही गेलो त्या दिवशी तो बराच वर असतानाच धुरकट थरात तांबडा होऊन विरघळून गेला. त्यानंतर गारठा इतका झपाट्याने वाढला की कानटोपी नसलेल्या मुलाला आईची शाल द्यावी लागली. गर्दी कठड्यापाशीच असते, म्हणून थोडे आधी जाऊन बसण्याची जागा धरावी आणि माकडांमुळे खाण्याची पिशवी गाडीतच ठेवावी.

त्रिशुळांच्या नवसासाठी प्रसिद्ध असलेल्या चौरागडाला मात्र वेगळा दिवस द्यावा, कारण तेथे हजाराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. आईने खालूनच हात जोडले आणि राहिलेला धूप तेथे लावला.