अढी बसते की धरली जाते?

राग ओसरल्यावर मनात जे उरतं त्याला मराठीत अढी, आकस, डूख, सल असे कितीतरी शब्द आहेत. लिहिताना ते सर्रास एकमेकांच्या जागी टाकले जातात आणि वाक्य लंगडं होतं.

अढी हा त्यातला सगळ्यात अबोल शब्द. ती बसते, धरली जाते, ठेवली जाते, आणि नशीब असेल तर सुटते. 'अढी बसली' म्हटलं की दोष प्रसंगाकडे जातो, 'अढी धरली' म्हटलं की माणसाकडे. कथेतला निवेदक कोणाच्या बाजूचा आहे हे या एका क्रियापदावरून ओळखता येतं. आंबे पिकवायला गवतात रचून झाकून ठेवतात, तीही अढीच. व्युत्पत्ती काहीही असो, आतल्या आत ऊब धरून राहणारं काहीतरी मराठी कानाला या शब्दात ऐकू येतंच.

अढी एकतर्फी असू शकते. समोरच्याला पत्ताही नसतो. तेढ आणि वितुष्ट यांना मात्र दोन बाजू लागतात, म्हणून 'त्याच्या मनात तेढ होती' हे वाक्य खटकतं. आकस कृतीकडे झुकतो: आकसाने बदली होते, आकसापोटी तक्रार होते. डूख धरणारा संधीची वाट बघतो. साप डूख धरतो ही समजूत खरी नाही, पण शब्दाने ती जपली आहे. तेव्हा घटकाभराच्या रागाला डूख म्हणू नये.

सल या सगळ्यांहून वेगळा. त्याचं मूळ शल्य, म्हणजे शरीरात रुतलेलं टोक. शल्यचिकित्सेतलं शल्य तेच. सल ज्याला रुततो त्यालाच दुखतो, त्यात दुसऱ्याचा द्वेष असायलाच हवा असं नाही. आईची शेवटची भेट हुकली, याचा सल राहतो. तिथे अढी लिहिलीत तर आईवरच रोख जातो.

मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांत 'शब्द शस्त्रें झाले क्लेश' असं येतं. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर आत बसले आहेत आणि धाकटी बहीण 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणून विनवते आहे. मनातल्या कडवटपणाला नाव द्यायची गरजच पडत नाही, कारण लावलेलं दार समोर आहे. फार मोठी कारागिरी आहे ही!

गद्यातही हेच साधता येतं. 'तिच्या मनात दिराविषयी अढी होती' असं लिहून मोकळं होण्यापेक्षा, कालपर्यंत त्याला अरे-तुरे करणारी वहिनी आज म्हणते, "तुम्ही बसा ना भाऊजी." आवाज तोच, शब्दही गोड. फक्त 'तू'चा 'तुम्ही' झालेला.