अनामत गेली तर गेली, अर्ज बाद होता कामा नये

तमिळनाडूत सेलम जिल्ह्यात मेट्टूर हे धरणाचं गाव आहे. तिथे टायर दुरुस्तीचं दुकान असलेले के. पद्मराजन १९८८ पासून निवडणुकांचे अर्ज भरत आले आहेत. २०२४ ची लोकसभा आली तोवर त्यांचा आकडा २३० च्या पुढे गेला होता. नरसिंह राव, वाजपेयी, मनमोहन सिंग, नरेंद्र मोदी, राहुल गांधी अशा सगळ्यांच्या विरोधात त्यांनी अर्ज दाखल केले. सगळ्यात जास्त मतं पडली ती २०११ साली, घरच्याच मेट्टूर विधानसभा मतदारसंघात. तीही ६,२७३.

दर निवडणुकीत त्यांची बातमी येते आणि ती गमतीची बातमी म्हणूनच येते. हा माणूस काय काम करतो हे त्यात कुठेच येत नाही. लोकसभेचा अपक्ष अर्ज एकदा भरून बघा, म्हणजे कळेल. पक्षाच्या उमेदवाराच्या मागे वकील असतो, कार्यालय असतं, कागद तपासणारी चार माणसं असतात. अपक्षाला हे सगळं एकट्याने करावं लागतं आणि मुदत फक्त आठवडाभराची असते. अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी अर्जाची मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. अर्ज घेतात सकाळी ११ ते दुपारी ३. शेवटच्या दिवशी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात पोचला नाहीत, तर पाच वर्षं थांबा.

सर्वात अवघड भाग सूचकांचा, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांचा आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. ते दहाही त्याच लोकसभा मतदारसंघातले मतदार असावे लागतात. उमेदवार स्वतः देशातल्या कुठल्याही मतदारसंघातला मतदार असला तरी चालतो, फक्त २५ वर्षं पूर्ण झालेली हवीत. म्हणजे मेट्टूरचा माणूस केरळात वायनाडला उभा राहू शकतो, पण त्याला दहा वायनाडकर शोधावे लागतात. भाषा परकी, ओळख नाही, आणि समोरच्याला सांगायचं की नमुना २-अ, म्हणजे उमेदवारी अर्ज, त्याच्या दुसऱ्या भागात तुमचा यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि सही द्या. चहाच्या टपरीवर दहा सह्या मिळतीलही. पण त्यातल्या एकाचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघालं, की नऊच उरतात आणि अर्ज बाद होतो. म्हणून सही घेण्याआधी यादीचं पान समोर ठेवून नाव, भाग आणि क्रमांक जुळवायचा. सूचक अंगठा लावणारा असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा निवडणूक आयोगाने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यासमोर नेऊनच अंगठा घ्यावा लागतो. घरी घेतलेला अंगठा चालत नाही.

एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात. जाणकार अपक्ष किमान दोन तरी भरतो आणि त्यांवर सूचक वेगवेगळे घेतो. एका संचात खोट निघाली तर दुसरा तरतो. अनामत मात्र एकदाच भरायची. चिन्हांची पसंती पहिल्या दाखल केलेल्या अर्जातलीच धरतात, तेव्हा पहिला अर्ज घाईत भरू नये.

बाहेरच्या मतदारसंघात उभं राहणाऱ्यांचे अर्ज आणखी एका कारणाने पडतात. आपलं नाव जिथल्या यादीत आहे, त्या यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते किंवा छाननीच्या वेळी दाखवावी लागते. मोबाइलवरून काढलेली छापील चिठ्ठी ही प्रमाणित प्रत नव्हे. घरून निघण्याआधी आपल्याकडच्या निवडणूक कार्यालयातून सही-शिक्क्याची प्रत घ्यायला विसरलात, तर पाचशे किलोमीटरवरून ती छाननीपर्यंत येणार नाही.

मग नमुना २६, म्हणजे शपथपत्र. स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरण, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात येतं. इथली नेहमीची चूक म्हणजे रकाना कोरा सोडणं. माझ्याकडे जमीन नाही तर लिहायचं काय, असं वाटून माणूस पुढे जातो. कोरा रकाना म्हणजे माहिती दडवली, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिलं आहे. अधिकारी आधी तपासणी सूचीवर त्रुटी लिहून देतो, आणि ती भरून दिली नाही तर अर्ज फेटाळू शकतो. प्रत्येक रकान्यात ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचं. रेघ ओढायची नाही. नोटरीसमोर सही करण्याआधी पान अन् पान बोटाने तपासावं. गुन्हा नोंद असेल तर तो वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावा लागतो. ही अट अपक्षालाही आहे आणि तो खर्च त्याच्याच खिशातून जातो.

उरलेल्या तीन गोष्टी छोट्या आहेत, पण त्या राहता कामा नयेत. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. फोटो दोन सेंटिमीटर बाय अडीच सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा समोर. हाच फोटो यंत्रावरच्या मतपत्रिकेवर नावाशेजारी येतो. आणि शपथ. अर्ज दिल्यानंतर, पण छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत, अधिकृत अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यायची असते. ती राहिली तर बाकीचे सगळे कागद वाया.

आता पैसा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लोकसभेची अनामत ५०० रुपये होती. पद्मराजन यांनी सुरुवात केली तेव्हाही तेवढीच. १९९६ च्या लोकसभेला देशभरातून १३,९५२ उमेदवार उभे राहिले. तेव्हाच्या आंध्रात नलगोंड्यात ४८०, तर बेळगावात ४५६. नलगोंड्याच्या लोकांना फ्लोराइडच्या पाण्याने झालेला आजार देशाला दाखवायचा होता. बेळगावच्या मराठी भाषकांना सीमाप्रश्न दाखवायचा होता. त्याच वर्षी कायदा बदलला. अनामत १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले, एका वेळी दोनच मतदारसंघांत उभं राहता येईल असं ठरलं. १९९८ ला उमेदवार ४,७५० वर आले. पुढे अनामत २५,००० झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला तिची निम्मी, म्हणजे १२,५००. रोख किंवा कोषागारातल्या चलनाने भरायची, धनादेश घेत नाहीत.

दहा सूचकांची अट मला मान्य आहे. दहा माणसं पाठीशी उभी करता येत नसतील तर मतं कशी मागणार? पैशाची चाळणी मात्र चुकीची आहे. टायरचं पंक्चर काढणाऱ्याला २५,००० म्हणजे काही महिन्यांची कमाई, आणि पाडापाडीसाठी डमी उभे करणाऱ्याला ती चिल्लर. ज्याला अडवायचं तो अडत नाही.

ही रक्कम परत कधी मिळते याबद्दल बराच गोंधळ दिसतो. अर्ज छाननीत बाद झाला किंवा मुदतीत माघार घेतली, तर अनामत परत मिळते. लढून पडलात, तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं हवीत. सगळ्या उमेदवारांची मिळून वैध मतं १२ लाख असतील, तर नेमकी २ लाख मिळूनही अनामत जाते, २,००,००१ हवीत. नोटाची, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ या बटणाची मतं या बेरजेत धरत नाहीत. म्हणून अशा उमेदवारांचे आकडे वाचताना ‘अर्ज भरला’ आणि ‘लढला’ यांत फरक करावा.

माघारीची मुदत टळली की चिन्हवाटप. मुक्त चिन्हांतून तीन पसंतीक्रमाने लिहिलेली असतात. नोंदणीकृत छोट्या पक्षांना आधी, मग अपक्षांना. दोन अपक्षांनी एकच मागितलं तर चिठ्ठी टाकतात. चिन्ह रेघांत साधं आणि तोंडाने सांगता येईल असं निवडावं. पत्रकाच्या खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसला तर तो गुन्हा ठरतो, आणि हे छापखानेवालाही कधी कधी विसरतो. २०२४ ला सांगलीत विशाल पाटील लिफाफा घेऊन अपक्ष निवडून आले. त्यांच्यामागे घराणं आणि यंत्रणा होती हे खरं, पण चिन्ह दोन आठवड्यांत गावोगाव पोचवावंच लागलं. त्याच निवडणुकीत साताऱ्यात ट्रंपेट, म्हणजे लोकांच्या तोंडी पिपाणी, या चिन्हावरच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली, आणि तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हावरचा उमेदवार ३२,७७१ नी हरला. चिन्ह एवढं महत्त्वाचं असतं.

मतपत्रिकेवर अपक्ष शेवटी येतो. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. यंत्राच्या एका बॅलट युनिटवर, म्हणजे बटणांच्या पेटीवर, १६ बटणं, आणि शेवटच्या उमेदवारानंतरचं एक नोटाचं. निजामाबादला २०१९ साली हळदीच्या भावासाठी शेतकरी उभे राहिले आणि १८५ उमेदवार झाले, तेव्हा प्रत्येक केंद्रावर १२ युनिटं ओळीने मांडावी लागली. जुन्या एम-२ पद्धतीच्या यंत्राला चारच युनिटं जोडता येत, नव्या एम-३ ला २४, म्हणून ते जमलं.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी सुरत आठवावी. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नाहीत’ असं लिहून दिलं आणि त्याचा अर्ज बाद झाला. उरलेल्या आठ जणांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. बिनविरोध म्हणजे मतदानच नाही. सुरतेतल्या लाखो मतदारांना नोटाचं बटणसुद्धा दाबता आलं नाही. त्या आठांतला एक जरी माणूस २५,००० वर पाणी सोडून अडून राहिला असता, तर यंत्रं लागली असती. दर वेळी हरणारा उमेदवार मतदारासाठी जे करतो ते हेच, आणि ते खूप मोठं आहे.

व्यवस्था त्याला फारशी मदत करत नाही. मतदार यादी मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना फुकट, अपक्षाला विकत. आकाशवाणी-दूरदर्शनवरचा वेळही पक्षांनाच. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात दोन हजारांच्या आसपास केंद्रं असतात. तेवढे प्रतिनिधी एकटा माणूस कुठून आणणार? दहा-बारा केंद्रांवर ओळखीचे लोक बसवावेत आणि मोजणीला टेबलाजवळ निदान दोन माणसं ठेवावीत.

निकाल लागला की बहुतेक हरलेले उमेदवार घरी जातात, आणि नेमकं तिथे चुकतं. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतच्या खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. ९५ लाखांची मर्यादा अपक्षाला कधी गाठायची नसते, पण खर्च शून्य असला तरी हिशेब द्यावाच लागतो. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासून घ्यायची असते आणि निरीक्षकांच्या तारखा आधी कळतात, त्या चुकवायच्या नाहीत. एकाच माणसाला द्यायची रक्कम १०,००० च्या वर गेली तर रोखीने देता येत नाही. चहाच्या बिलापासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत पावत्या तारखेनुसार लावून ठेवाव्यात. हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभं राहायचं असणाऱ्याला अनामतीपेक्षा ते जास्त महागात पडतं. वही देताना पोच मागायची, तिच्यावर तारीख आणि शिक्का बघायचा, आणि ती पुढच्या अर्जाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावायची.