चिलेटेड झिंक घेताना आलेला लॅबचा अनुभव

ब्रॉयलर कोंबड्यांच्या फीडमध्ये साधं झिंक सल्फेट घालायचं की चिलेटेड, म्हणजे अमिनो आम्लाशी बांधलेलं झिंक, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही. इंदूरकडे फीड म्हणजे मका आणि सोयापेंड, आणि दोन्हींत फायटेट, म्हणजे धातूला धरून ठेवणारा दाण्यातला फॉस्फरसचा पदार्थ, भरपूर. सल्फेटमधून सुटलेलं झिंक हे फायटेट आतड्यात धरून ठेवतं. पिल्लाच्या अंगी न लागता ते विष्ठेतून शेडमध्ये अंथरलेल्या तुसात जातं. चिलेटेड झिंक त्यातून बरंच वाचतं. कातडी धड राहायला झिंक लागतं, आणि तूस कोरडा ठेवूनही पक्ष्यांच्या तळव्यांना फोड येत होते, म्हणून महाग असलं तरी चिलेटेड घेऊन बघायचं ठरलं.

अडलं ते पुढे. डीलरने दिलेली पांढरी पूड खरंच चिलेटेड आहे का, हे तपासायला नमुना एका खाजगी लॅबमध्ये दिला. फॉर्मवर एकच रकाना: टोटल झिंक. मी खिडकीवर म्हटलं, ‘‘झिंक किती ते नको, बांधलेलं किती ते हवंय.’’ आतून उत्तर आलं, ‘‘काका, यादीत आहे तेवढंच होतं.’’ केमिस्टला भेटायचं म्हटलं तर साहेब मीटिंगमध्ये. रिपोर्टसाठी फोन केला की ‘उद्या या’. शेडमध्ये पिल्लं उतरली तरी कागद हातात नाही!

रिपोर्ट आला तो एका ओळीचा: झिंक २२ टक्के. आता पाण्याचे सात रेणू असलेल्या झिंक सल्फेटमध्येही झिंक २२ टक्क्यांच्या आसपासच असतं, आणि बाजारातल्या बऱ्याच चिलेटेड मालाचा आकडाही त्याच्या जवळपास जातो. म्हणजे पैसे भरून मला काहीच कळलं नव्हतं. मी तिथून हललो नाही, तेव्हा केमिस्ट बाहेर आले. माणूस सरळ होता. म्हणाले, आमचं मशीन नमुना आम्लात विरघळवून ज्योतीत जाळतं, तिथे कुठलाच बंध उरत नाही. निनहायड्रिन या रसायनाने जांभळा रंग आला तरी ग्लायसीनसारखं अमिनो आम्ल आहे एवढंच कळतं; सल्फेटमध्ये ग्लायसीन नुसतं मिसळलं तरी तो रंग येणारच. बंध बघायला एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी तपासणारं मशीन, लागतं, ते आमच्याकडे नाही. हेच पहिल्या दिवशी खिडकीवर सांगितलं असतं तर? त्याचा राग अजून आहे.

तेव्हा पैसे भरण्याआधी लॅबला पद्धत विचारा. कंपनीकडून बॅच नंबरसह बांधलेल्या धातूचं प्रमाण लेखी मागा. टाळाटाळ झाली तर माल घेऊ नका. आणि हो, सल्फेटचा पूर्ण डोस ठेवून वर चिलेटेड घालू नका, तो खर्च वाया जातो. एनआरसी या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या १९९४च्या तक्त्यात ब्रॉयलरला फीडच्या किलोमागे झिंक ४० मिलिग्रॅम, मँगनीज ६० आहे. पिल्लांच्या जाती तयार करणाऱ्या ब्रीड कंपन्या दोन्ही शंभर किंवा त्याहून जास्त सांगतात. आम्ही दुसऱ्या कंपनीचं, कागदासह आलेलं चिलेटेड घेतलं आणि डोस कमी ठेवला.

सल्फेट व्हिटॅमिनच्या प्रीमिक्समध्ये, म्हणजे फीडमध्ये घालायच्या तयार मिश्रणात, फार दिवस एकत्र ठेवू नका, व्हिटॅमिनची ताकद उतरते.

शेड मधोमध जाळीने विभागून एका बाजूला सल्फेटचं आणि दुसऱ्या बाजूला चिलेटेडचं फीड चालवलं. विक्रीच्या दिवशी पाय उलटून पाहिले: चिलेटेडच्या बाजूला तळवे स्वच्छ, फोड क्वचित. वजनात मला फरक दिसला नाही. म्हणून झिंक आणि मँगनीज चिलेटेड घेतो. लोह आणि तांबं सल्फेटच ठेवलंय, तिथे जादा पैसे घालायचं कारण मला दिसलेलं नाही.