खालचे साडेतीन फूट पोरांचे

इंटिरियरचे फोटो बघायचं मला भयंकर वेड आहे, म्हणजे रात्री पोरं झोपली की मोबाईल घ्यायचा आणि एकापेक्षा एक पांढरेशुभ्र हॉल बघत बसायचं, फिक्कट सोफे, काचेचं टीपॉय, त्यावर तीन जाडजूड पुस्तकं आणि एक फुलदाणी. पण त्या फोटोंमध्ये दप्तर कधीच नसतं बरं का. ओला रेनकोट नसतो, सोफ्याच्या फटीत चिवड्यातले शेंगदाणे नसतात, आणि टीव्हीच्या स्क्रीनवर पाच बोटांचे ठसे तर नसतातच. आमच्याकडे हे सगळं आहे, शिवाय तिसरीतली थोरली, तीन वर्षांचा धाकटा, सासूबाई आणि सिंहगड रोडवरच्या जुन्या बिल्डिंगमधला रीसेलचा टू बीएचके.

मैत्रिणी म्हणतात, अगं मुलं मोठी झाली की करू घराचं. हे मला अजिबात पटत नाही. मुलं मोठी व्हायला पंधरा वर्षं लागतात आणि तोवर काय प्लास्टिकच्या खुर्च्या आणि उडालेल्या रंगात राहायचं? दुसरं टोक म्हणजे ज्यांच्याकडे हॉल इतका सुंदर असतो की पोरांना तिकडे फिरकायचीच बंदी. तेही नको. म्हणून फ्लॅटचं काम काढलं तेव्हा मी एकच नियम केला, जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंतचं सगळं पोरांचं आणि त्याच्या वरचं आमचं. खाली जे येईल ते पुसता आलं पाहिजे, आपटलं तरी चाललं पाहिजे, त्यावर चढलं तरी पडता कामा नये. आणि जी काही हौस करायची, म्हणजे पितळी समई, वारली पेंटिंग, जुने फॅमिली फोटो, हँगिंग लाइट, ती सगळी वर.

सगळ्यात जास्त डोकं मी भिंतींवर लावलं. तुम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळा आठवतायत का, किंवा एसटी स्टँड, सरकारी दवाखाना? खाली कमरेपर्यंत ऑइलपेंटचा चॉकलेटी नाहीतर हिरवा पट्टा आणि वर पांढरा चुना. लहानपणी ते बघून कसंतरीच व्हायचं, पण ज्याने कुणी ते पहिल्यांदा केलं त्याला माणसं भिंतीला कुठे टेकतात, हात कुठे लावतात, पाय कुठे ठेवतात हे बरोब्बर माहीत होतं. मी तेच केलं, फक्त रंग बदलला. खाली साडेतीन फूट सॅटिन इनॅमल, म्हणजे मंद चमकेचा ऑइलपेंटच, शेवाळी हिरव्याकडे झुकणारा राखाडी, वर साधा ऑफ व्हाइट इमल्शन, आणि दोन्हीच्या मध्ये सागवानी बीडिंगची दोन इंची पट्टी. पेंटर म्हणाला, ताई, घराची शाळा करताय का? म्हटलं दादा, तुम्ही मारा तर खरं. आता येणारा प्रत्येक जण विचारतो की ही कल्पना कुठल्या डिझायनरची. आणि खडू, पेन्सिल, चहाचे ओघळ ओल्या फडक्याने जातात. स्केचपेन राहिलंच तर ते पांढरे स्पंज मिळतात ना, मेलामाइनचे, त्याने निघतं, पण हलक्या हाताने घासायचं कारण ते स्पंज म्हणजे बारीक पॉलिश पेपरच असतो, जोर लावला की रंगाची चमक जाते.

जुन्या घरात राहायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. आपल्याकडे घराच्या रंगात शिसं किती असावं याची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याच्या आधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः खिडक्या-दारांच्या जुन्या थरांमध्ये, भरपूर शिसं असू शकतं. ते कोरडं घासलं की धूळ होते, ती धूळ फरशीवर बसते आणि रांगणारं पोर ती हाताने तोंडात घालतं. आमच्या खिडक्यांना तीन-चार थर होते. पेंटरला पाणी मारून ओलं घासायला लावलं, रोज संध्याकाळी झाडू न मारता ओलं पुसून घेतलं आणि ते काम चालू असेपर्यंत पोरांना माहेरी ठेवलं. आईने तेवढ्यात दोघांना चहाची सवय लावली तो भाग वेगळा.

सोफ्याचं म्हणाल तर रेक्झिन नको हे माझं ठाम मत. पुसायला सोपं असतं हे खरं, पण काही वर्षांत त्याची पापुद्र्यासारखी सालं निघायला लागतात आणि धाकट्यासारखं कार्टं असेल तर ती सालं सोलणं हाच त्याचा दुपारचा उद्योग. मी जाड कॉटनची, चेन असलेली, काढून मशीनला टाकता येतील अशी कव्हरं शिवून घेतली आणि रंग घेतला तो दोन-तीन रंगांच्या धाग्यांनी विणलेला, एकरंगी नाही, त्यात वरणाचा डाग पटकन दिसत नाही. दिसलाच तर हळदीचा डाग साबण लागल्यावर एकदम लालभडक होतो, नवीन माणूस घाबरतोच, पण धुवून कडक उन्हात वाळत घातलं की तो आपोआप उडतो, हळदीला ऊन सोसत नाही. सासूबाईंनी हे मला लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं. उन्हात टाकायला वेळ नसला की वर सोलापुरी चादर पसरायची, आणि खरं सांगू, ती त्या शेवाळी भिंतीसमोर कव्हरांपेक्षा जास्त भारी दिसते.

टीपॉय काढूनच टाकलं. नवऱ्याला पटत नव्हतं, चहाचा कप कुठे ठेवणार म्हणे. सोफ्याच्या बाजूला एकात एक जाणारी दोन छोटी स्टुलं घेतली, काम संपलं. हॉलचा मधला भाग मोकळा राहिला की तिथे आगगाडीचे रूळही मांडता येतात, गणपतीत मखरही बसतं, आणि पाहुणे आले तर सतरंजी टाकून पंगत बसते.

फर्निचर करणाऱ्या मिस्त्रींशी माझी दोनच भांडणं झाली. पहिलं कोपऱ्यांवरून. टीव्ही युनिट, स्टडी टेबल, बेडचे कोपरे सगळे गोल करून हवेत म्हटलं तर ते म्हणाले सनमायका गोलाईवर नीट बसत नाही, निघेल. मग मार्ग असा निघाला की कडेला लाकडाची लिपिंग, म्हणजे बारीक पट्टी, लावायची, कोपऱ्यात ती गोल घासून घ्यायची आणि सनमायका तिच्या आतपर्यंतच. दिसायलाही छान दिसतं, आणि रबराचे ते बटबटीत कॉर्नर गार्ड चिकटवायला लागत नाहीत, जे तसेही पोरं आठवड्यात उपटून चघळतात. दुसरं भांडण प्लायवरून. किचनमध्ये सिंकखाली आणि बाथरूमजवळच्या कपाटाला आयएस ७१० चा (हा सरकारी मानकाचा नंबर) शिक्का असलेला, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, बाकी बेडरूममध्ये आयएस ३०३ वाला साधा चालतो. शिक्का शीट कापायच्या आधी बघायचा, नंतर काय बघणार! चकचकीत ॲक्रिलिकचे दरवाजे मात्र कुणी कितीही सांगितलं तरी खाली लावू नका, आधी बोटांचे ठसे आणि नंतर चरे. मॅट सनमायका, तोही थोडा टेक्स्चरवाला.

खेळण्यांसाठी मोठी पेटी करू नका असं मी सगळ्यांना सांगते. पेटीत तळाची गाडी हवी असते, मग अख्खी पेटी उलटी होते. त्यापेक्षा उथळ कप्पे, दार नसलेले, आणि त्यात वेताच्या किंवा बांबूच्या टोपल्या. बुरूड आळीत मापाच्या करून मिळतात, फक्त काड्यांची टोकं आत वळवलीयत का ते हात फिरवून बघायचं. टोपली ओढायची, खेळायचं, ढकलायची. रोज ढकलली जाते असं अजिबात नाही, पण पाहुण्यांनी खालून बेल वाजवली की ते जिना चढून येईपर्यंत हॉल माणसात येतो. दारामागे तीन फुटांवर पोरांच्या खुंट्या आहेत, दप्तर, रेनकोट आणि वॉटरबॅग. पावसाळ्यात त्याखाली एक ट्रे ठेवतो पाणी गळायला.

फरशीबद्दल थोडक्यात. ग्लॉसी व्हिट्रिफाइड ओली झाली की पोरं आणि म्हातारी माणसं दोघंही घसरतात, मॅट घ्या, आणि किचन-बाथरूममध्ये टाइल्सचे सांधे इपॉक्सीने भरा, साधं पांढरं ग्राउट वर्षभरात काळं पडतं.

ज्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत त्यांचे पैसे मात्र आधी बाजूला काढा. सुटी कपाटं आणि पुस्तकांचे रॅक भिंतीला एल-क्लिपने स्क्रू मारून पक्के करायचे, कारण पोरं ड्रॉवर उघडून त्याची शिडी करतात आणि कपाट अंगावर येतं. खालचे सगळे सॉकेट शटरवाले, म्हणजे पिन नसताना भोकं झाकलेली राहतात असे, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. ब्लाइंड्सच्या लोंबत्या दोऱ्या नकोत, गळ्याला फास बसू शकतो, साधे पडदे लावा. देवघर वर भिंतीवर केलंय, काडेपेटी त्याच्याही वरच्या कप्प्यात, आणि आरतीच्या वेळी धाकटा चौरंगावर उभा राहून घंटा वाजवतो, शेजारच्यांना कळेल इतकी.

आता राहिलीय बाल्कनी. हल्ली आडव्या पाइपांच्या रेलिंगची फॅशन आहे, दिसतातही मस्त, पण मुलांसाठी ती आयती शिडी, म्हणून मी उभ्या सळयाच सांगितल्यात आणि दोन सळयांमधलं अंतर चार इंचांच्या आत, डोकं जाणार नाही असं. वर जी ग्रिल बसेल त्यात एक कुलपाची खिडकी ठेवायचीय, आग वगैरे लागली तर बाहेर पडायला, किल्ली शेजारीच पण वर टांगलेली. रंगावर अडलंय. नवऱ्याला काळा हवाय, मला तोच शेवाळी, आणि सासूबाई म्हणतायत रंगाचं नंतर बघा, आधी कपडे वाळत घालायच्या पुलीच्या दांड्या कुठे येणार ते सांगा. त्यांचं बरोबरच आहे, फॅब्रिकेटर गुरुवारी माप घ्यायला येणार आहे आणि दांड्यांच्या हुकांचं त्याला अजून आम्ही काहीच सांगितलेलं नाहीये.