नोंद नसलेल्या दुष्काळाची बाजू

नोव्हेंबर २०२२ मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे हवामान परिषद भरली, तेव्हा मी आफ्रिकी देशांच्या वाटाघाटीकारांना संशोधनावर आधारित टिपणे तयार करून देणाऱ्या एका लहान चमूत काम करत होते. पुण्यात हवामानशास्त्र शिकून नैरोबीत नोकरीला लागल्यापासून माझे काम साधारण असेच राहिले आहे. शेकडो पानांच्या शास्त्रीय अहवालातून चर्चेत उपयोगी पडेल असे विधान शोधायचे, ते किती खात्रीचे आहे हे तपासायचे आणि इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत ते पानभरात मांडायचे. आफ्रिकी गटात ५४ देश आहेत. श्रीमंत देशांच्या शिष्टमंडळात प्रत्येक विषयाला स्वतंत्र तज्ज्ञ असतो. या गटातील अनेक लहान देशांचा एकच प्रतिनिधी सकाळी शेतीच्या, दुपारी अर्थसाहाय्याच्या आणि रात्री हानी व नुकसानीच्या, म्हणजे हवामानबदलामुळे झालेल्या हानीसाठी मिळायच्या मदतीच्या, बैठकीला बसतो. त्याला आमचे टिपण दोन बैठकांच्या मधल्या वाटेवर, चालता चालता वाचावे लागते. म्हणून त्या पानावर एकही शब्द पुराव्यापेक्षा जड असून चालत नाही.

परिषदेच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी १६ नोव्हेंबरला, ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाचा पश्चिम आफ्रिकेतील पुरांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एकट्या नायजेरियात पुरामुळे ६००हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती आणि नायजर व चाड या देशांतही मोठी हानी झाली होती. चाड सरोवराच्या खोऱ्यात संपूर्ण हंगामात जेवढा पाऊस झाला, तेवढा पाऊस होण्याची शक्यता मानवनिर्मित हवामानबदलामुळे सुमारे ८० पटींनी वाढली आहे, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. एवढे नेमके विधान आमच्या कामात क्वचितच हाती लागते. हानी व नुकसानीसाठी स्वतंत्र निधी असावा की नसावा, आणि असलाच तर तो कोणत्या देशांसाठी असावा, यावर नेमक्या त्याच दिवसांत वाद चालू होता. साहजिकच आमच्या खोलीत उत्साह होता आणि टिपण दुपारच्या आत वाटायचे ठरले.

मात्र त्याच गटाचा दुसरा अभ्यास त्याच सुमारास आला होता. मध्य साहेलमध्ये, म्हणजे माली, बुर्किना फासो, नायजर या पट्ट्यात, २०२१ च्या अपुऱ्या आणि अनियमित पावसानंतर भीषण अन्नटंचाई निर्माण झाली होती. तिच्यामागे हवामानबदलाचा वाटा किती, हे शास्त्रज्ञांना सांगता आले नाही, कारण विश्वासार्ह नोंदींच्या अभावी अनिश्चितता फार मोठी होती. अशा अभ्यासात आजचे हवामान आणि तापमानवाढ न झालेल्या जगातील हवामान यांची तुलना करतात, आणि तिला आधार म्हणून अनेक दशकांच्या सलग नोंदी लागतात. जागतिक हवामान संघटनेने किमान आवश्यक मानलेल्या घनतेच्या जेमतेम एक अष्टमांश एवढेच आफ्रिकेतील निरीक्षण केंद्रांचे जाळे आहे. साहेलमध्ये तर संघर्षामुळे असलेली केंद्रे चालू ठेवणेही कठीण झाले आहे.

आमच्यापैकी काहींचे म्हणणे पडले की पुराचा अभ्यास तेवढा टिपणात घ्यावा आणि साहेलचा विषय काढूच नये. मला ते पटत नव्हते. समोरच्या बाजूकडे, म्हणजे श्रीमंत देशांकडेही, दोन्ही अभ्यास पोहोचलेले असणार हे एक कारण होते. परंतु त्याहून मोठे कारण साहेलमधील एका देशाच्या प्रतिनिधीने माझ्यासमोर मांडले. ते वयाने माझ्या वडिलांएवढे, मितभाषी गृहस्थ होते. दोन्ही निष्कर्ष मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे उद्या निधी झाला आणि पैसे देण्याआधी कोणी असा पुरावा मागितला, तर नायजेरियाकडे तो आहे आणि आमच्याकडे नाही. आमची जनावरे मेली ती मात्र मेलीच.”

त्यांच्या बोलण्याने मला लातूर जिल्ह्यातील आमचे गाव आठवले. महाराष्ट्रात महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पुढे पंचनाम्यांची वाट मोकळी होते. मापक एका गावात असतो आणि ढग दुसऱ्याच गावावर फुटतो, तेव्हा वाहून गेलेल्या सोयाबीनचा मालक तलाठ्याला काय काय सांगत राहतो, हे मी लहानपणापासून ऐकले आहे. आमच्याकडे निदान मंडळागणिक मापक आहे. या गृहस्थांच्या देशात शेकडो किलोमीटरचे पट्टे एकाही सलग नोंदीविना आहेत.

त्यामुळे टिपणाची मांडणी आम्ही बदलली. पुराचा निष्कर्ष वर ठेवला, तोही पूर्ण मर्यादांसह, कारण नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यातील थोड्या दिवसांच्या मुसळधार पावसाबाबत त्याच अभ्यासाने शक्यतेत केवळ दुपटीच्या आसपास वाढ दाखवली होती आणि ८० हा आकडा सरसकट वापरणे चुकीचे ठरले असते. त्याखाली साहेलचा निष्कर्ष जसाच्या तसा दिला आणि स्पष्ट लिहिले की वाटा मोजता आला नाही याचा अर्थ वाटा नाही असा होत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक शास्त्रीय मंडळाच्या त्याच वर्षीच्या अहवालातील आकडे शेजारी ठेवले. १९९० पासूनच्या तीन दशकांत जगातील हवामान संशोधनाच्या निधीपैकी अवघा ३.८ टक्के निधी आफ्रिकेवरील संशोधनाला मिळाला आणि त्यातलाही १४.५ टक्केच आफ्रिकेतील संस्थांकडे गेला. शेवटी मागणी होती की एकेका आपत्तीतील हवामानबदलाचा वाटा शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करणे ही मदतीची अट म्हणून कोणत्याही मसुद्यात मान्य करू नये.

एका सहकाऱ्याने मादागास्करची आठवण करून दिली, ती योग्यच होती. तेथील दक्षिण भागातील उपासमारीला हवामानबदलामुळे आलेला दुष्काळ म्हणून जगभर संबोधले गेले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पावसाच्या त्या तुटीत हवामानबदलाचा वाटा ठळक नव्हता. तिथल्या लोकांचे दारिद्र्य आणि पूर्णपणे पावसावर अवलंबून असलेली शेती ही कारणे मोठी होती. तिथली माणसे त्यामुळे कमी भुकेली ठरत नाहीत. पण ज्या वाटाघाटीकाराने आधी छातीठोक विधान केले असेल, त्याच्या पुढच्या खऱ्या विधानावरही समोरचा विश्वास ठेवत नाही, आणि आफ्रिकी गटाला ती किंमत परवडणारी नाही.

टिपण दुपारी उशिराने, फ्रेंच प्रतीसह, वाटले गेले. ते गृहस्थ रात्रीच्या बैठकीला ते घेऊन गेले. बंद दाराआड त्याचा किती उपयोग झाला हे सांगणे माझ्या कक्षेबाहेरचे आहे, आणि कोणत्याही एका टिपणाने निर्णय होतो असे मी मानत नाही. २० नोव्हेंबरच्या पहाटे निधी स्थापण्याचा निर्णय झाला आणि तो हवामानबदलाच्या दुष्परिणामांना विशेषत्वाने बळी पडणाऱ्या विकसनशील देशांसाठी असेल असे ठरले. केवळ अल्पविकसित देश आणि लहान द्वीपराष्ट्रे एवढ्यांपुरतीच पात्रता आखली गेली असती, तर अल्पविकसित देशांच्या यादीत नसलेला नायजेरिया हाती भक्कम पुरावा असूनही बाहेर राहिला असता.

वर्षभराने दुबईत या निधीची नियमावली मंजूर झाली. निधीवाटप ठरवताना उपलब्ध सर्वोत्तम माहितीबरोबर बाधित प्रदेशांतील आणि समुदायांतील लोकांचे ज्ञानही विचारात घ्यावे, आणि काही देशांबाबत व प्रदेशांबाबत अशी माहिती मर्यादित असू शकते याची जाणीव ठेवावी, असे तिच्यात नमूद आहे. ते कलम मी नैरोबीतील कार्यालयात वाचले आणि त्याचा फ्रेंच मजकूर त्याच दिवशी साहेलमधील त्या गृहस्थांना पाठवला. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. कलम चांगले आहे, असे त्यांनी लिहिले होते, आणि त्यांच्या देशात नवी हवामान केंद्रे उभारण्यासाठी अर्ज करायचा आहे, त्याच्या मसुद्याला मदत कराल का, असे विचारले होते.