पलंगाखालची कवटी

मंगळवार, रात्रीचा दीड

उद्या एफएमटीची, म्हणजे न्यायवैद्यकाची, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) आणि मी तासभर डोक्याच्या मापावरून वंश ओळखायचा एकच तक्ता घोकतोय. सेफॅलिक इंडेक्स, म्हणजे डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले १००. ७० ते ७५ आला तर आर्य, निग्रो आणि आदिवासी, ७५ ते ८० युरोपियन आणि चिनी, ८० ते ८५ मंगोल. हो, पुस्तकात अजूनही असंच छापलेलं आहे. आर्य आणि निग्रो एकाच खणात कसे काय बसले हे विचारायचं नसतं, विचारलं की व्हायव्हा लांबते.

शेवटी वैतागून पलंगाखालून हाफ सेटची, म्हणजे अभ्यासाला घेतलेल्या अर्ध्या सांगाड्याच्या खऱ्या हाडांची, पिशवी ओढली आणि कवटी काढली. हा सेट मी फर्स्ट इयरला सीनियरकडून घेतला, त्याने त्याच्या सीनियरकडून, मागचं कोणालाच माहीत नाही. एकदा घरी नेला तर आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, रात्रभर बाल्कनीत बादलीखाली. कॅलिपर नव्हता म्हणून दोन जाड पुस्तकांच्या मध्ये धरून पट्टीने मापलं, लांबी १७६ मिलिमीटर, रुंदी १३४. इंडेक्स ७६. म्हणजे हे गृहस्थ, किंवा बाई, युरोपियन नाहीतर चिनी. काहीही!

हे असलं मापन इरावतीबाई कर्व्यांनी थेट बर्लिनमध्ये बसून केलंय, हे मला याच आठवड्यात कळलं. आपल्याला त्या महाभारतावर लिहिणाऱ्या म्हणून माहीत. त्यांचे पीएचडीचे गाईड होते जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर, ज्यांनी १९०८ मध्ये आजच्या नामिबियात जाऊन मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेतली होती, आणि तिथेच १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचं शिरकाण केलं, छावण्यांत कैदी बायकांना आपल्याच मेलेल्या माणसांची डोकी काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करायला लावलं, मग ती पेट्यांत भरून जर्मनीला. २०११ मध्ये बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलने त्यातल्या २० कवट्या परत दिल्या. शंभर वर्षांनी.

तर बाईंना काम काय, गोऱ्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून ते जास्त बुद्धिमान, हे कवटीच्या वाकडेपणातून दिसतं का ते बघायचं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून टाकलं की वाकडेपणाचा वंशाशी काही संबंध नाही. परक्या देशात, गाईडला नको असलेलं उत्तर! आम्ही इथे एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, थुंकी गिळतो.

पण मग त्याच बाई परत येऊन पुढे कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या जातीजातींची डोकी-नाकं मोजत होत्या, हे वाचून जरा खटकलंच. आकड्यांशी प्रामाणिक होत्या हे खरं, पण त्या १४९ जणांना कोणी विचारलं होतं का?

आणि मी तरी कुठे विचारलंय. १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत कलकत्त्याहून जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे जायचे, त्यात चोरलेले किती, बेवारस किती, काय हिशोब. माझ्या कवटीवर कोणीतरी लाल पेनने 'कोरोनल सूचर' (कवटीच्या हाडांमधला एक सांधा) लिहिलंय, बाण काढून, अगदी डोक्यावर. आत्ता स्पिरिटने पुसून बघितलं, जात नाही. दोन पुढचे दातही नाहीत, ते जिवंतपणी पडले की पिशवीत, कोण जाणे.

पुन्हा टॉवेलात गुंडाळून ठेवली. सव्वादोन झाले. ८० ते ८५ मंगोल.