तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोसेसरच्या नंबरांवर चार पानं कशाला?

"नंबर शून्यापासून सुरू होतात, एवढं सांगितलं की झालं. चार पानं कामून लिहिली?" लिनक्स मशीनवरच्या प्रोसेसरच्या नंबरांवर मी चार पानी माहिती लिहिली, तेव्हापासून वाळूज एमआयडीसीतल्या ओळखीच्या सगळ्यांचं हे विचारून झालंय.

शून्यापाशी कुणाचंच अडत नाही हो. कोअर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग, आणि हायपरथ्रेडिंग म्हणजे एकाच कोअरवर दोन कामं एकावेळी चालवायची सोय; त्यातली एकेक वाट म्हणजे थ्रेड. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम ज्याला प्रोसेसर म्हणून नंबर देते तो हायपरथ्रेडिंग चालू असलं की अख्खा कोअर नसतो, कोअरचा एक थ्रेड असतो. चार कोअरच्या मशीनवर 0 ते 7 दिसतात आणि लोक "आठ कोअर आलेत" सांगून मोकळे होतात. बरं, त्याच कोअरवरचा 0 चा जोडीदार कोण? एका मशीनवर 4, दुसऱ्यावर 1. फर्मवेअरच्या (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्याच प्रोग्रामच्या) यादीत जो क्रम, त्यावर हे ठरतं. ग्रामपंचायतीच्या घर नंबरासारखं: नोंद होत गेली तसा आकडा पडला, शेजाराची खात्री नाही.

एका कारखान्यात कॅमेऱ्याने पार्ट तपासायची लाइन होती. फोटो घेणारा प्रोग्राम टास्कसेटने (प्रोग्राम ठरावीक नंबरवरच चालवणारी लिनक्सची कमांड) 0 वर बांधलेला, तपासणारा 1 वर. जुन्या पीसीवर ते दोन वेगळे कोअर होते. पीसी बदलला, स्क्रिप्ट तीच ठेवली. रात्रपाळीत फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याचे फोटो, गळायला लागल्या, लाइन थांबली. कुणी केबल बदलली, कुणी लेन्स पुसली. विक्रेता फोनवर एकच म्हणत होता, नवं मशीन जास्त फास्ट आहे. ज्या आयटीआयच्या पोराने पीसी जोडला, त्याला सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. पोरगं हातातला कागद पुढं करत होतं. त्यावर "0 आणि 1 वर बांधा" एवढंच. कागद कुणी वाचलाच नाही. पहाटे मी सीपीयू-शून्यच्या टोपॉलॉजी फोल्डरमधली थ्रेड सिब्लिंग्जची फाइल उघडली; एका कोअरवर कोणते नंबर आहेत ते तिच्यात असतं. जुन्या मशीनवर तिथं "0,4" असायचं, इथं "0-1". दोन्ही प्रोग्राम एकाच कोअरवर भांडत होते. 1 च्या जागी 2 टाकला, लाइन चालली. पोराला सॉरी कुणी म्हटलं नाही.

आधी मीही म्हणायचो, ज्याला कळत नाही त्यानं हात लावू नये. अजूनही कधीकधी तसंच वाटतं.

चार पानं जास्त आहेत, मान्य. कोअर आयडीत, म्हणजे कोअरला दिलेल्या नंबरांत, मधले आकडे गायब असू शकतात, तो भाग काढता येईल. पण काढला की फोन येतोच: "सर, मशीन खराब लागलं का?" एक जण म्हणाला, नुसतं "एलएससीपीयू -e चालवा" असं लिही; ही कमांड प्रत्येक नंबर कोणत्या कोअरवर ते दाखवते. लिहितो. पण कोअरच्या रकान्यात एकच आकडा दोनदा दिसला तर काय समजायचं, ते कोणत्या पानावर लिहू?